आपोआप उघडणारें दार

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



घराचें दार ही वस्तु इतकी नित्याची आहे कीं, तिच्याविषयीं स्वतंत्र विचार करण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाहीं. आपले जुने वाडे बांधणाऱ्यांवर मात्र ती आली होती. वाड्याचा दरवाजा पालखी आंत जाईल एवढा मोठा असे. पण तो दर खेपेस कोणीं उघडावा? म्हणून त्याच्याच एका फळींत लहानशी दिंडी ठेवीत आणि रोजची ये-जा त्या दिंडीतून चाले. मोठें दार जड असतें, तें चालविण्यास बळ लागतें, आणि तें मिटत असतां वाटेंत कोणी सांपडल्यास अनर्थ होतो, या तिन्ही गोष्टी त्या काळच्या लोकांना पक्क्या ठाऊक होत्या. आज ज्या दाराविषयीं मी बोलणार आहे त्याच्याही मुळाशीं याच तीन गोष्टी आहेत. देवडीवरील पहारेकऱ्याची जागा तेथें विजेच्या मोटरीनें घेतली आहे, इतकाच काय तो फरक.

हें दार म्हणजे अमेरिकेंतील राहत्या घराच्या गॅरेजचें दार. तेथील उपनगरांत गॅरेज हा बहुधा घराचाच एक भाग असतो. त्याची एक भिंत स्वयंपाकघराला किंवा बैठकीच्या खोलीला लागून असते आणि मधल्या लहान दारानें थेट घरांत शिरतां येतें. पाहुणा पुढच्या दारावरील घंटा वाजवितो. घरचीं माणसें मात्र गाडीसह गॅरेजमधून आंत येतात. तेव्हां नांव कांहींही असलें तरी व्यवहारांत घराचें महाद्वार तेंच होय. एका गाडीपुरतें दार ८ किंवा ९ फूट रुंद असतें, दोन गाड्यांचें १६ फूट. उंची बहुतेक ठिकाणीं ७ फूट. आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात आणि दार उघडतांना त्या रुळांवरून वर सरकत जाऊन छताखालीं आडव्या होतात. सी. जी. जॉन्सन यांनीं १९२१ सालीं असें वर सरकणारें दार तयार केलें आणि १९२६ सालीं तें विजेनें उघडण्याचें यंत्रही काढलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील उपनगरें वाढलीं, गाड्या वाढल्या, आणि एके काळीं श्रीमंतांची चैन समजलें जाणारें हें यंत्र मध्यमवर्गाच्या घरांत सर्रास दिसूं लागलें.

याच्याशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इत्यादि ठिकाणीं घर करून राहिलेलीं मराठी कुटुंबें आज थोडीं नाहींत. त्यांचे आईवडील पुण्या-मुंबईहून कांहीं महिन्यांकरितां तेथें जातात. मुलगा आणि सून कामावर गेलीं म्हणजे दिवसभर घरांत आजी, आजोबा आणि नातवंडें. अशा घरांत भिंतीवरील एक बटण दाबतांच दीड-दोनशे पौंडांचें दार खालीं येऊं लागतें, आणि त्या दाराखालून पळत बाहेर जाण्याचा खेळ पांच वर्षांच्या मुलाला सहज सुचतो. म्हणून या यंत्राची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाहीं. घर नवें घेतांना, किंवा जुन्या घरांतील यंत्र बदलतांना, काय पाहावें आणि कोणत्या क्रमानें पाहावें हें आज सांगण्याचा विचार आहे.

दुकानांत गेल्यावर विक्रेता प्रथम मोटरीची शक्ति सांगतो. मग गति, मग आवाज, आणि सरतेशेवटीं टेलिफोनवरून दार उघडण्याची किमया. खरेदी करणाऱ्यानें हा क्रम उलटा करावा, असें माझें मत आहे. दार उघडणें हें काम बाजारांतील कोणतेंही बरें यंत्र करतें. तें वेळेवर थांबतें कीं नाहीं, आणि वीज गेली असतां माणसाला मोकळें सोडतें कीं नाहीं, या दोन कसोट्यांवर यंत्राची परीक्षा व्हावयास पाहिजे. परंतु त्याच्याही आधीं स्वतः दाराची परीक्षा करावी लागते. तिच्यापासूनच आरंभ करूं.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, दाराचें सर्व वजन मोटर उचलते. वस्तुस्थिति निराळी आहे. दाराच्या वर, भिंतीला समांतर, एक पोलादी दांडा असतो आणि त्याच्यावर पीळ दिलेली जाड स्प्रिंग बसविलेली असते. दार खालीं येतें तसा स्प्रिंगेचा पीळ वाढतो. दार वर जाऊं लागलें म्हणजे तोच पीळ सुटत जाऊन तारांच्या साहाय्यानें दाराला वर ओढतो. विहिरीवरील रहाटाला दुसऱ्या बाजूनें तोलाचें ओझें बांधावें, तसा हा प्रकार आहे. स्प्रिंग नीट तोललेली असली तर दीडशे पौंडांचें दार एका हातानें वर जातें. मोटरीचें काम त्या तोललेल्या दाराला थोडा रेटा देण्याचें आणि योग्य ठिकाणीं धरून ठेवण्याचें आहे.

यावरून पहिली परीक्षा निघते. दार पूर्ण मिटलेलें असतां यंत्राची लाल मुठीची दोरी ओढावी, म्हणजे दार यंत्रापासून सुटें होतें. मग तें हातानें अर्ध्यापर्यंत उचलून हळूच सोडावें. तें जेथल्या तेथें थांबलें, किंवा इंच-दोन इंचच हललें, तर तोल बरोबर आहे असें समजावें. धाडकन खालीं येऊं लागलें किंवा आपण होऊन वर धांवूं लागलें, तर स्प्रिंग बिघडली आहे. अशा दारावर नवें आणि अधिक शक्तीचें यंत्र बसविणें म्हणजे लंगड्या बैलाला अधिक जोराचा चाबूक मारणें होय. यंत्र कांहीं दिवस ओढील, त्याचे दांते झिजतील, आणि मुख्य म्हणजे वाटेंत आलेला अडथळा आणि दाराचें स्वतःचें ओझें यांतील भेद त्याला कळेनासा होईल.

स्प्रिंगेचें आयुष्यही मोजलेलें असतें. सामान्य प्रतीची स्प्रिंग सुमारें १०,००० वेळां दार उघडून मिटेपर्यंत टिकेल अशा बेतानें केलेली असते. दिवसाकाठीं चार वेळां दार उघडून मिटलें तर हा हिशेब सात वर्षांच्या आंतच संपतो. अधिक टिकणाऱ्या स्प्रिंगाही मिळतात, आणि ज्या घरांत दाराचा राबता मोठा आहे तेथें त्यांच्यासाठीं चार पैसे अधिक देणें शहाणपणाचें ठरतें. मात्र स्प्रिंग बदलण्याचें काम घरच्या माणसानें कदापि हातीं घेऊं नये. तिच्यांत सांठलेला पीळ एकदम सुटला तर हात मोडतो आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. तें काम माहितगार कारागिराकडेच द्यावें.

आतां थांबण्याविषयीं. अमेरिकेच्या ग्राहकवस्तु-सुरक्षितता आयोगानें आपल्या एका सूचनापत्रकांत नमूद केलें आहे कीं, मार्च १९८२ पासून त्याच्याकडे आलेल्या वृत्तांवरून पाहतां २ ते १४ वर्षें वयाचीं सुमारें ६० मुलें स्वयंचलित दारांखालीं सांपडून मरण पावलीं. हीं दारें बहुधा मोडकीं नव्हतीं. खालीं येण्याची आज्ञा त्यांना मिळाली होती आणि ती त्यांनीं तंतोतंत पाळली. आपल्याखालीं काय आहे हें जाणण्याची सोय तेवढी त्यांच्यापाशीं पुरेशी नव्हती. या दुर्घटनांवरून तेथील काँग्रेसनें १९९० सालीं कायदा केला. १ जानेवारी १९९१ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना यू. एल. ३२५ या मानकांतील सुरक्षिततेचे नियम बंधनकारक झाले. १ जानेवारी १९९३ पासून दुसरी एक अट आली: दार अडथळ्याला टेकल्यावर उलट फिरलेंच पाहिजे, पण त्याखेरीज अडथळा ओळखणारें आणखी एक साधनही यंत्राबरोबर असलें पाहिजे.

हें दुसरें साधन म्हणजे बहुधा प्रकाशाचा डोळा. दाराच्या दोन्ही बाजूंस, जमिनीपासून ६ इंचांहून अधिक उंच नाहीं अशा बेतानें, दोन लहान डब्या बसवितात. एकींतून डोळ्यास न दिसणारा किरण निघतो आणि समोरची डबी तो टिपते. दार मिटत असतां तो किरण मूल, कुत्रें, सायकल अशा कशानेंही तुटला, कीं दार थांबून पुन्हां वर जातें. ही युक्ति उत्तम आहे, परंतु तिचीही मर्यादा आहे. किरण एकाच रेषेंत जातो. त्या रेषेच्या वर जें आहे तें त्याला दिसत नाहीं. गाडीचीं चाकें दाराच्या आंत राहून मागचा भाग तेवढा दाराखालीं आला, तर किरण अखंडच राहील. म्हणून किरणाची सोय आहे तेव्हां दुसरी कशाला, असें म्हणूं नये. दोन्ही पाहिजेत आणि दोन्ही चालू स्थितींत पाहिजेत.

त्या चालू आहेत कीं नाहींत हें महिन्यांतून एकदां पाहण्यास पांच मिनिटें लागतात. दीड इंच जाडीचा लाकडी ठोकळा दाराच्या बरोबर मध्यावर जमिनीवर आडवा ठेवावा आणि दार मिटूं द्यावें. ठोकळ्याला टेकतांच दोन सेकंदांच्या आंत दार उलट फिरलें पाहिजे. मग दार पुन्हां मिटत असतां एखादी लांब काठी किंवा पुठ्ठ्याचें खोकें किरणाच्या वाटेंत सरकवावें. दार थांबून वर गेलें पाहिजे. या दोहोंपैकीं एका जरी परीक्षेंत दार नापास झालें, तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र सुटें करून दार हातानेंच चालवावें. १९९३ पूर्वींचें यंत्र ज्या घरांत अद्याप असेल तेथें दुरुस्तीच्या भरीस न पडतां तें बदलून टाकावें. तें अजून चालतें, एवढें कारण त्याला ठेवण्यास पुरेसें नाहीं.

येथें एका वाईट खोडीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. उन्हाची तिरीप, कोळ्याचें जाळें किंवा किंचित् हललेली डबी यांमुळें कधीं कधीं किरण चुकतो आणि दार मिटेनासें होतें. मग कोणी भिंतीवरील बटण दाबून धरून दार जबरदस्तीनें मिटवितो. कोणी तर दोन्ही डब्या काढून छतापाशीं एकमेकींसमोर बांधून ठेवतो, म्हणजे किरण कधींच तुटूं नये! पहारेकरी झोंपेंत अडथळा करतो म्हणून त्याचे डोळे बांधावे, त्यांतलाच हा शहाणपणा. डबी पुसून नीट समोरासमोर करणें हें दोन मिनिटांचें काम आहे. जुनें घर विकत घेतांना तर या डब्या आपल्या जागीं आहेत ना, हें वांकून पाहिल्यावांचून राहूं नये. तसेंच भिंतीवरील बटण जमिनीपासून निदान ५ फूट उंच आणि जेथून सबंध दार दिसतें अशा जागीं असावें. रिमोट हें खेळणें नव्हे, हें मुलांना जसें सांगावयाचें तसेंच तें थोरांनींही ध्यानांत ठेवावें. रडतें मूल रमविण्यासाठीं तो त्याच्या हातीं देऊं नये.

इतकें पाहून झाल्यावर यंत्राच्या जातीकडे वळावें. छताला टांगलेली मोटर आणि तिच्यापासून दारापर्यंत गेलेली तुळई ही रचना बहुतेकांत सारखीच; दाराला ओढणारा दुवा कशाचा आहे यावरून जाती पडतात. पहिली साखळीची. सायकलीच्या साखळीसारखी पोलादी साखळी दाराला ओढते. हें यंत्र स्वस्त आणि दणकट असतें, पण त्याचा खडखडाट बराच होतो. गॅरेज घरापासून अलग असेल तर या आवाजाचें कांहींच वाटत नाहीं. दुसरी जात पट्ट्याची. यांत साखळीऐवजीं आंतून बळकट केलेला रबरी पट्टा असतो. किंमत थोडी अधिक, पण चालतें शांतपणें. गॅरेजच्या वर निजावयाची खोली असेल आणि घरांतील कोणी रात्रपाळीचें काम करून पहाटे परतत असेल, तर हीच जात घ्यावी. तिसरी जात आट्यांच्या दांड्याची. दांडा फिरतो तशी त्याच्या आट्यांवरून दाराची पकड सरकते. भाग थोडे असतात हा तिचा गुण. थंडी-उन्हाच्या मोठ्या फरकानें तिच्या चालीवर परिणाम होतो आणि वेळेवर वंगण लागतें हा दोष.

चौथी जात अलीकडे लोकप्रिय झाली आहे. तिच्यांत मोटर छताला नसून दाराच्या बाजूच्या भिंतीवर असते आणि स्प्रिंगेचा दांडाच ती फिरविते. छत मोकळें राहतें, आवाज कमी होतो, सामान ठेवण्यास वर जागा मिळते. परंतु ती प्रत्येक दाराला बसत नाहीं; पीळ दिलेल्या स्प्रिंगेचा दांडा दाराच्या वर असला पाहिजे आणि त्याच्या टोंकाशीं भिंतीवर पुरेशी जागा पाहिजे. कांहीं दारांना दांड्याऐवजीं रुळांच्या बाजूनें ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगा असतात. तेथें हें यंत्र चालत नाहीं. अशा ताणाच्या स्प्रिंगांतून एक सुरक्षिततेची तार ओंवलेली असावी, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी तिचा तुकडा गोफणीच्या दगडासारखा सुटत नाहीं. तात्पर्य, दुकानांत जाण्यापूर्वीं दाराची रुंदी, उंची, दाराच्या वर छतापर्यंतचें अंतर आणि स्प्रिंगेची जात, या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्या. दार ८ फूट उंच असेल तर नेहमींच्या तुळईला जोड लागते, हें पुष्कळांना यंत्र घरीं आणल्यावर कळतें.

मोटरीच्या शक्तीविषयीं आतां थोडक्यांत सांगतां येईल. तोल बरोबर असलेल्या साध्या पत्र्याच्या दाराला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर पुरते. दोन गाड्यांचें जाड लाकडी दार असेल, किंवा थंडी अडविण्यासाठीं आंत भरण घातलेलें भारी दार असेल, तर पाऊण अश्वशक्तीची किंवा त्याहून मोठी घ्यावी. त्यापलीकडे शक्ति वाढविल्यानें दार फारसें लवकर उघडतें असेंही नाहीं. नेहमींच्या यंत्राचें दार सेकंदाला सुमारें ७ इंच सरकतें, म्हणजे ७ फुटांचें दार सुमारें बारा सेकंदांत उघडतें. एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर मिळत असेल तर ती पसंत करावी. ती आरंभीं आणि शेवटीं हळूं चालते, त्यामुळें दाराला हिसका बसत नाहीं, आवाज कमी होतो, आणि बॅटरीवर चालविण्यासही ती सोयीची असते.

बॅटरीचा उल्लेख आला तेव्हां मोकळें सोडण्याच्या कसोटीकडे येऊं. ऑक्टोबर १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, ऑक्टोबर २०१७ मधील उत्तर कॅलिफोर्नियांतील वणव्यांची ही गोष्ट आहे. आग रात्रीं वस्त्यांत शिरली, वीज गेली, आणि गाडी काढून पळूं पाहणाऱ्या कित्येकांना, विशेषतः वृद्धांना, गॅरेजचें दार उघडतां येईना. कांहींना त्यापायीं प्राण गमवावे लागले. पुढील वर्षीं त्या राज्यानें कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रांना वीज गेल्यावरही दार उघडील अशी बॅटरी असणें आवश्यक ठरविलें. इतर राज्यांत राहणाऱ्यांनीं कायद्याची वाट पाहूं नये. बॅटरी असलेलें यंत्रच घ्यावें, आणि ती बॅटरी कांहीं वर्षांनीं बदलावी लागते हें विसरूं नये.

बॅटरी असो वा नसो, घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला लाल मुठीची दोरी ओढून दार हातानें उघडतां आलें पाहिजे. नव्यानें राहावयास आलेल्या आईवडिलांना घरांतील दिवे, शेगडी आणि कपडे धुण्याचें यंत्र दाखवितात, त्याच दिवशीं ही दोरीही दाखवावी, आणि नुसती दाखवून न थांबतां त्यांच्याच हातून एकदां ओढवून घ्यावी. मात्र एक सावधगिरी: दार वर असतांना दोरी ओढूं नये. स्प्रिंग तुटलेली असली तर सुटें झालेलें दार वरून कोसळतें. आणि गॅरेजला दुसरें दारच नसेल, तर बाहेरून किल्लीनें यंत्र सुटें करण्याची सोय आरंभींच करून घ्यावी. नाहीं तर आपल्याच घराबाहेर उभें राहण्याची पाळी येते.

आतां चोराविषयीं दोन शब्द. जुन्या रिमोटमध्यें बारीक खटक्यांची एक ओळ असे आणि ते खटके वर-खालीं करून आपला सांकेतिक अंक ठरवावयाचा. बारा खटके म्हणजे अवघे ४,०९६ संकेत. २०१५ सालीं सॅमी कामकार या संशोधकानें मुलांच्या एका खेळण्यांत फेरफार करून दाखवून दिलें कीं, अशा स्थिर संकेताचीं दारें दहा सेकंदांच्या आंत उघडतां येतात. त्याच्या कितीतरी आधीं, १९९० नंतरच्या दशकांत, दर वेळीं संकेत बदलणारीं यंत्रें बाजारांत आलीं होतीं. काल चोरून ऐकलेला संकेत त्यांत आज निरुपयोगी ठरतो. विकत घेतांना हा बदलता संकेत आहे ना, एवढें विचारावें. आणखी एक साधी गोष्ट: रात्रीं रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडींत रिमोट ठेवणें म्हणजे उंबऱ्यावर किल्ली ठेवण्यासारखें आहे. गॅरेजमधून घरांत जाणाऱ्या लहान दाराला चांगलें कुलूप असावें आणि रात्रीं तें लावलेलें असावें.

हीं सर्व यंत्रें नभोवाणीच्याच लहरींवर चालतात, आणि लहरींचें राज्य सर्वांचें आहे याची आठवण अमेरिकेंत एकदां मोठ्या मौजेनें झाली. लष्करानें आपल्या तळांवर ३८० ते ४०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील नवे बिनतारी संच वापरावयास घेतले, तेव्हां आसपासच्या वस्त्यांतील दारें रिमोटला दाद देईनाशीं झालीं; कारण पुष्कळशा यंत्रांची लहर ३९० मेगाहर्ट्झची होती. तो पट्टा सरकारचाच असल्यामुळें घरमालकांना तक्रारीला जागा नव्हती, आणि २००५ सालीं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें तशी जाहीर सूचनाही दिली. लष्करी तळाजवळ घर असेल तर एकाहून अधिक लहरींवर चालणारें यंत्र घ्यावें.

टेलिफोनवरून दार चालविण्याच्या सोयीविषयीं माझें मत मध्यम आहे. दार मिटलें कीं नाहीं ही शंका कचेरींत बसून फेडतां येते, हा तिचा खरा उपयोग. पण आपण समोर नसतांना दार मिटविणें ही जबाबदारीची गोष्ट आहे. अशा वेळीं दार हलण्यापूर्वीं निदान ५ सेकंद दिवा लुकलुकला पाहिजे आणि इशाऱ्याचा आवाज झाला पाहिजे, असा नियम आहे. यंत्रांत ती व्यवस्था असल्याची खात्री करावी. शिवाय ही सोय उत्पादकाच्या मर्जीवर चालते. २०२३ सालीं एका मोठ्या उत्पादकानें परक्या कंपन्यांच्या साधनांना आपली सेवा बंद केली, तेव्हां ग्राहकांनीं घरांत बसविलेल्या जोडण्या एकाएकीं निकामी झाल्या. म्हणून टेलिफोनची सोय ही जोड समजावी. भिंतीवरील बटण आणि हातांतील रिमोट यांवाचून अडूं नये. आणि दार बसल्या जागीं उघडतें म्हणून गॅरेजमध्यें गाडी सुरू करून ठेवण्याची संवय लावून घेऊं नये. दार उघडें असलें तरी तो विषारी धूर मधल्या दारानें घरांत शिरतो, आणि त्याला वासही नसतो.

आपल्याकडे अशीं गॅरेजें क्वचित्. पण बंगल्याचें सरकतें फाटक आणि तळमजल्यावरील गुंडाळतें शटर यांना मोटर बसविण्याची पद्धति आपल्या शहरांतही आली आहे, आणि त्यांनाही वर सांगितलेल्या कसोट्या जशाच्या तशा लागू पडतात. फाटक अडथळ्याला टेकतांच मागें फिरतें काय? वाटेंत किरणाचा डोळा आहे काय? वीज गेली असतां तें हातानें उघडतें काय, आणि तें उघडण्याची किल्ली कोठें आहे हें घरांतील सर्वांना ठाऊक आहे काय? बसविणारा माणूस पैसे घेऊन जाण्यापूर्वीं त्याच्याकडून हे चारही प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावे. अमेरिकेंतील यंत्र सामानांतून इकडे आणण्याचा मोह मात्र टाळावा. तेथील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. आणि बिघडलेला भाग येथें मिळावयाचा नाहीं.

सारांश, खरेदीचा क्रम असा ठेवावा. प्रथम दाराचा तोल तपासावा. मग यंत्र कसें थांबतें हें पाहावें. मग वीज नसतां दार कसें उघडतें हें पाहावें. मग संकेत बदलता आहे ना, याची खात्री करावी. त्यानंतर घराच्या रचनेप्रमाणें साखळी, पट्टा किंवा भिंतीवरील मोटर निवडावी, आणि शक्ति, गति व किंमत यांचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा. यंत्र एकदां घ्यावयाचें असतें. ठोकळ्याची परीक्षा मात्र दर महिन्याला. पंचांगाच्या किंवा दिनदर्शिकेच्या पानावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तिची खूण करून ठेवावी आणि तो ठोकळा गॅरेजमध्येंच एका खिळ्याला टांगून ठेवावा, म्हणजे शोधाशोध होत नाहीं. हें काम घरांतील आजोबांकडे दिलें तर तें चुकणार नाहीं, असा माझा भरंवसा आहे. आणि तें पाहतां पाहतां दाराखालून कां पळूं नये, हें नातवंडांनाही कळेल.